अणूची साक्ष : मूत्रपिंडाचा रक्तदाब आणि त्याचा शोध



व्याख्यानमालेत डॉक्टरांनी आरोग्यावर बोलावे, प्राध्यापकांनी इतिहासावर बोलावे आणि कामगार चळवळीतल्या माणसाने संप-मोर्च्यांवर बोलावे, अशी आपली साधारण समजूत असते. आज मी ती मोडणार आहे. मी डॉक्टर नाही, प्राध्यापक तर नाहीच. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते गावोगावच्या वाचनालयांतल्या बाकांवर, एस. टी.च्या प्रवासात आणि कारखान्यांच्या फाटकांसमोर झाले. असा माणूस मूत्रपिंडाच्या रक्तदाबावर आणि अणूच्या साहाय्याने त्याचे निदान कसे होऊ लागले यावर बोलावयास उभा राहतो, तेव्हा त्याने आधी आपला अधिकार सांगावयास हवा. माझा अधिकार एवढाच की, एका बाईच्या बाबतीत मी चुकलो, आणि ती चूक समजून घेण्याकरिता मला हा सगळा इतिहास वाचावा लागला.

गोष्ट १९९७ सालची. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि वऱ्हाडातल्या जिनिंगच्या कामगारांत संघटनेचे काम करीत होतो. एका जिनात सरकी उचलण्याच्या कामावर चोवीस वर्षांची एक बाई होती. तिचे डोके सतत दुखे, डोळ्यांपुढे अंधारी येई, डावा हात वर धरला की तो गळून जाई. महिन्यात आठ-दहा दिवस तिचे खाडे होऊ लागले. मालकाने तिला डॉक्टरकडे पाठविले. डॉक्टरांनी डाव्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब पाहिला, आणि दाब नेहमीसारखा आहे, किंबहुना थोडा कमीच आहे, असे लिहून दिले. हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे कामचुकार असा शेरा पडला. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, मले खोटं बोलायचं काय काम?" मी डॉक्टरांचा कागद पाहिला आणि तिला सांगितले की, बाई, कागद तुझ्याविरुद्ध आहे, उद्यापासून कामावर ये. संघटनेचा माणूस म्हणून मी दिलेला हा सर्वांत वाईट सल्ला होय.

ती बाई पुढे कोठे गेली आणि तिचे काय झाले ते मी शेवटी सांगेन. कारण ते समजण्याकरिता, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचा संबंध माणसाला कसा कळला ते आधी पाहावे लागेल.

आपल्या पाठीत, कमरेच्या थोडे वर, दोन मूत्रपिंडे असतात. एकेकाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम, म्हणजे मूठभरच. परंतु हृदय जेवढे रक्त बाहेर ढकलते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहान पिंडांकडे जातो. दर मिनिटाला सुमारे एक लिटर! दिवसाकाठी ही पिंडे सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकीचे सर्व शरीराला परत देतात. मीठ किती ठेवावयाचे आणि किती टाकावयाचे याचा हिशोबही त्यांच्याकडेच. ज्या तालुक्याचे लोणार हे गाव खाऱ्या पाण्याच्या सरोवराकरिता जगभर ठाऊक आहे, आणि ज्या जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णेकाठी खारपाणपट्टा पसरला आहे, तेथल्या श्रोत्यांना मिठाचा हिशोब म्हणजे काय हे मी निराळे सांगावयास नको. त्या पट्ट्यातल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांतली मूत्रपिंडाच्या विकाराची दुखणी आपण वर्तमानपत्रांतून वाचतो, आणि पुष्कळांनी नात्यागोत्यात पाहिलीही आहेत.

मूत्रपिंड बिघडले तर हृदयाला त्रास होतो, हे प्रथम नीट नोंदविले ते लंडनच्या गाइज रुग्णालयातल्या रिचर्ड ब्राइट यांनी. १८३६ साली त्यांनी शंभर रोग्यांची हकीकत मांडली. मेल्यानंतर शरीर उघडून पाहिले तेव्हा पुष्कळांची मूत्रपिंडे आक्रसलेली आणि हृदय मात्र वाढलेले दिसले. हृदयाच्या झडपा चांगल्या असूनही ते का वाढावे? बहुधा रक्त पुढे ढकलण्याला त्याला जास्त जोर लावावा लागत असावा, असा तर्क त्यांनी केला. गंमत अशी की, त्या वेळी माणसाचा रक्तदाब मोजण्याचे साधनच नव्हते. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची सोपी रीत इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली काढली, आणि कानाला नळी लावून आवाज ऐकण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली. म्हणजे ब्राइट यांनी जे अनुमानले ते मोजता येण्यास साठ वर्षे लागली.

१८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी बर्गमन यांनी सशाचे मूत्रपिंड वाटून त्याचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत घातला, तो त्याचा रक्तदाब चढला. त्या पदार्थाला त्यांनी रेनिन असे नाव दिले. मूत्रपिंड केवळ गाळणी नसून रक्तदाब चढविणारे काही द्रव्य ते रक्तात सोडते, हा एवढा मोठा शोध. पण त्याकडे पुढची तीस-पस्तीस वर्षे फारसे कोणी पाहिले नाही. शास्त्रातही काही अर्ज फायलीत पडून राहतात!

तो अर्ज पुन्हा वर काढला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या हॅरी गोल्डब्लाट यांनी. ते रोगविकृतीचे शास्त्रज्ञ. शवविच्छेदनात त्यांना मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या दिसत. सर्वांची समजूत अशी की, रक्तदाब वाढतो म्हणून या वाहिन्या खराब होतात. गोल्डब्लाट यांनी प्रश्न उलटा केला: वाहिनी अरुंद होते म्हणूनच रक्तदाब वाढत नसेल कशावरून? त्यांनी चांदीचा एक लहानसा चिमटा तयार केला आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीवर बसवून ती अंशतः आवळली. एका बाजूस चिमटा लावला की दाब काही काळ चढे. दोन्ही बाजूंस लावला की चढलेलाच राही. हे १९३४ साली प्रसिद्ध झाले आणि वैद्यकातला एक मोठा दरवाजा उघडला.

असे का व्हावे? मला ही गोष्ट कालव्यावरून समजली. कालव्याच्या शेपटाला ज्याचे शेत आहे त्याचे दार गाळाने अर्धे बुजले आहे अशी कल्पना करा. त्याच्या शेतात पाणी येईना. दार बुजले आहे हे त्याला दिसत नाही. धरणातच पाणी कमी सोडले आहे असे त्याला वाटते. तो आरडाओरडा करतो. पाटकरी वरून आणखी पाणी सोडतो. मुख्य कालवा तुडुंब भरतो, वरच्यांचे बांध फुटू लागतात; आणि याचे शेत मात्र अर्धवटच भिजते, कारण दोष धरणात नव्हताच, दारात होता. अरुंद रोहिणीमागचे मूत्रपिंड हा तो शेपटाचा शेतकरी. रेनिन ही त्याची हाक. त्या हाकेसरशी रक्तात अँजिओटेन्सिन नावाचे द्रव्य तयार होते, ते सर्व शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळते आणि मीठ-पाणी धरून ठेवावयास लावते. दाब चढतो. डोके दुखते, हृदय थकते, आणि विशेष म्हणजे दुसऱ्या बाजूचे चांगले मूत्रपिंड त्या वाढलेल्या दाबाचा मार खात बसते.

या अँजिओटेन्सिनच्या नावाची कथा मला फार आवडते. १९३९-४० च्या सुमारास ते द्रव्य दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडले. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरिस शहरी ब्राउन-मेनेंदेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हायपरटेन्सिन म्हटले. अमेरिकेत अर्विन पेज यांच्या चमूने अँजिओटोनिन म्हटले. वीस वर्षे दोन नावे चालली. शेवटी १९५८ साली ब्राउन-मेनेंदेझ आणि पेज यांनी समेट केला आणि अर्धे नाव याचे, अर्धे नाव त्याचे जोडून अँजिओटेन्सिन केले. दोन संघटनांच्या विलीनीकरणाच्या बैठका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. इतक्या शहाणपणाने एकही संपलेली पाहिली नाही.

आता गोल्डब्लाट यांच्या शोधामागून एक लाट आली. एक मूत्रपिंड खराब असेल आणि रक्तदाब चढला असेल, तर ते मूत्रपिंड काढून टाकावे, म्हणजे माणूस बरा होईल, असा हिशोब शल्यवैद्यांनी मांडला. काही रोगी खरोखरच बरे झाले, आणि त्यांच्या वार्ता सर्वत्र पसरल्या. पण १९५६ साली न्यूयॉर्कचे होमर स्मिथ यांनी अशा पाचशेहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा घेतला, तेव्हा दिसले की रक्तदाब खाली आला तो सुमारे चौथ्या हिश्श्यालाच. बाकी तिघाचौघांतल्या तिघांचे मूत्रपिंड गेले आणि रक्तदाब राहिला.

ही गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे. औजार होते, हात होता, कारण ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की, समोरच्या या माणसाच्या बाबतीत दोष खरोखर कोठे आहे. मूत्रपिंड लहान दिसले म्हणजे तेच गुन्हेगार असे ठरत नाही. रोहिणी अरुंद असली म्हणूनही ठरत नाही. म्हातारपणी कित्येकांची रोहिणी अरुंद असते आणि रक्तदाब दुसऱ्याच कारणाने चढलेला असतो. शिवाय दाब फार वर्षे चढलेला असेल तर चांगले मूत्रपिंडही मार खाऊन बिघडलेले असते. मग पहिले काढून उपयोग काय? प्रत्येक पिंड किती काम करते हे निरनिराळे मोजण्याची गरज होती. तशी एक रीत अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात निघाली: दोन्ही मूत्रवाहिन्यांत खालून नळ्या सरकवावयाच्या आणि उजव्या-डाव्या पिंडाचे मूत्र वेगळे जमवून तपासावयाचे. रीत चांगली, परंतु रोग्याला यातना देणारी. रोहिणीत रंगद्रव्य घालून क्ष-किरणांचे चित्र घेण्याची रीत १९२९ पासून होती. पण ते चित्र नळाची रुंदी दाखवी, नळामागच्या शेताची अवस्था दाखवीत नसे.

येथे अणू साक्षीला आला.

किरणोत्सारी पदार्थ खुणेसाठी वापरण्याची कल्पना हंगेरीत जन्मलेल्या ग्योर्ग हेवेशी यांची. तरुणपणी ते मँचेस्टरला एका खाणावळीत जेवत. मालकीण कालचे उरलेले मांस आज नव्या रूपात वाढते, असा त्यांना संशय होता. त्यांनी एके दिवशी उरलेल्या ताटात किरणोत्सारी पदार्थाचा कण टाकला, आणि पुढच्या जेवणावर आपले मापक धरले, तो चोरी सापडली, असे सांगतात. ज्यांनी कारखान्यांच्या खाणावळींतून जेवण केले आहे त्यांना या शास्त्रज्ञाविषयी लगेच आपुलकी वाटेल. पुढे १९२३ साली त्यांनी हीच युक्ती वनस्पतींवर केली आणि १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामाकरिता मिळाले. तत्त्व सोपे आहे: गायीच्या गळ्यात घंटा बांधली म्हणजे ती झाडीत दिसली नाही तरी कोठे आहे ते कळते. किरणोत्सारी अणू ही घंटा.

मूत्रपिंडाच्या वाटेने जाणाऱ्या द्रव्याच्या गळ्यात ही घंटा बांधून १९५६ साली लॉस एंजेलिस येथे जॉर्ज टॅपलिन, चेस्टर विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनोग्राम नावाची तपासणी काढली. किरणोत्सारी आयोडीन जोडलेले द्रव्य शिरेत टोचावयाचे, पाठीवर दोन्ही मूत्रपिंडांसमोर दोन मापके धरावयाची, आणि कागदावर दोन रेषा उमटू द्यावयाच्या. रेषा आधी झपकन वर जाते, म्हणजे रक्त पोचले; मग हळूहळू चढते, म्हणजे पिंड द्रव्य उचलीत आहे; मग उतरते, म्हणजे ते मूत्राबरोबर निघून जात आहे. एका बाजूची रेषा उशिरा चढली आणि उतरलीच नाही, तर त्या पिंडाचे काही तरी बिनसले आहे. ना चाकू, ना नळी. १९६० साली हिप्यूरान नावाचे अधिक सोयीचे द्रव्य आले आणि ही तपासणी सर्वत्र पसरली.

परंतु रेषा म्हणजे चित्र नव्हे. चित्र काढणारा कॅमेरा अमेरिकेतल्या बर्कली येथील हॅल अँगर यांनी १९५७-५८ च्या सुमारास बनविला. एका मोठ्या स्फटिकावर किरण आदळले की सूक्ष्म चमक निघते. स्फटिकामागच्या नळ्या ती चमक कोठे झाली ते हेरतात, आणि पडद्यावर ठिपका उमटतो. असे हजारो ठिपके मिळून मूत्रपिंडाचा आकार दिसू लागतो.

कॅमेऱ्याला साजेसा अणूही त्याच सुमारास मिळाला. टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीच्या पालेर्मो शहरी सेग्रे आणि पेरिए यांनी शोधले. पृथ्वीवर ते जवळजवळ सापडतच नाही, माणसाला ते बनवावे लागते. त्याचा एक प्रकार, टेक्नेशियम-९९ एम, दर सहा तासांनी निम्मा होतो. हा गुण रोग्याच्या दृष्टीने उत्तम, कारण एका दिवसात तो जवळपास संपतो. पण गाडीने न्यावयाचा म्हटले तर अवघड. मुंबईहून एस. टी.ने बीबीस आणावयाचा म्हटला तर वाटेतच निम्म्याहून अधिक उडून जाईल! यावर तोड अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने काढली. टेक्नेशियम ज्यातून जन्मते ते मॉलिब्डेनम ६६ तासांनी निम्मे होते. तेव्हा मॉलिब्डेनम भरलेली कुपीच रुग्णालयाला पाठवावयाची, आणि तेथे रोज सकाळी तिच्यातून मिठाचे पाणी सोडून ताजे टेक्नेशियम काढून घ्यावयाचे. या कुपीला जगभरचे तंत्रज्ञ गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणे म्हणतात. शेतकऱ्याला कळेल अशी भाषा त्यांना आपोआप सुचली.

आपल्या देशात हे कसे आले? ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. रशिया सोडला तर आशियातली ती पहिली. १९६० साली सायरस ही दुसरी मोठी अणुभट्टी चालू झाली. होमी भाभा यांचा आग्रह असा की, अणुशक्तीच्या कामात वीज जितकी महत्त्वाची तितकेच शेती व रुग्णालयांना लागणारे किरणोत्सारी पदार्थही महत्त्वाचे. १९६३ साली परळ येथे, टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात, किरणोत्सारी चिकित्सेचे केंद्र स्थापन झाले. ते आज भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे. परळ म्हणजे गिरणगाव. ज्या वस्तीत भोंग्यावर पहाट होई, जेथून जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा तो प्रचंड संप सुरू झाला, त्याच वस्तीत अणूने रोग पाहण्याचे काम साठाव्या दशकापासून चालले होते. मी स्वतः चळवळीतला असून ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

यात एक बोचणारी गोष्टही आहे, ती लपवू नये. १९७४ साली पोखरणला जो स्फोट झाला त्याचे प्लुटोनियम सायरसमधूनच आले होते. एकाच भट्टीतून रुग्णालयाची कुपी निघाली आणि स्फोटाचे द्रव्यही निघाले. लोखंडाची सुरी भाजी चिरते की गळा, हे लोहार ठरवीत नाही; पण लोहाराची भट्टी जनतेच्या पैशाने पेटलेली असेल, तर विचारण्याचा हक्क जनतेला आहे.

आता अखेरचा दुवा. कालव्याचे उदाहरण पुन्हा आठवा. शेपटाचा शेतकरी नुसता ओरडत नाही. आलेले थोडके पाणी शेतात टिकावे म्हणून तो शेताच्या खालच्या तोंडाशी मातीचा बांध घालतो. मूत्रपिंडही असेच करते. अँजिओटेन्सिनच्या साहाय्याने ते गाळणीतून बाहेर जाणारी बारीक वाहिनी आवळते, म्हणजे गाळणीत पुरेसा दाब राहतो आणि काम चालते. म्हणूनच साध्या तपासणीत असे पिंड कधी कधी चांगले दिसते आणि फसवणूक होते.

हा बांध तात्पुरता काढून टाकणारे औषध सापाच्या विषातून मिळाले. ब्राझीलच्या जराराका नावाच्या सापाच्या विषावर सेर्जिओ फरेरा यांनी १९६५ च्या सुमारास काम केले; ते विष घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्याकडे गेले; आणि अमेरिकेतल्या एका औषध कंपनीत कुशमन व ओन्देत्ती यांनी त्या धाग्यावरून १९७५ साली कॅप्टोप्रिल तयार केले. हे औषध अँजिओटेन्सिन बनूच देत नाही. रक्तदाबावर ते उत्तम चालले. पण १९८० नंतरच्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले की, ते निदानालाही उपयोगी आहे. आधी साधे चित्र घ्यावयाचे. मग तासभर आधी कॅप्टोप्रिलची गोळी देऊन दुसरे चित्र घ्यावयाचे. बांध काढला की शेपटाचे शेत कोरडे पडते. चांगले शेत होते तसेच राहते. एका बाजूची रेषा गोळीनंतर एकाएकी मंदावली, तर दोष त्या बाजूच्या दारात आहे, आणि रक्तदाबाचे मूळ तेच असण्याचा संभव मोठा. होमर स्मिथ यांच्या आढाव्यातल्या त्या अभागी माणसांना जे हवे होते ते उत्तर अशा रीतीने सुमारे तीस वर्षांनी मिळाले.

आता त्या बाईकडे वळतो. माझा सल्ला ऐकून ती कामावर गेली आणि चार दिवसांनी चक्कर येऊन पडली. तिची माय माझ्या दारात आली; मला काही न बोलता नुसती उभी राहिली. आम्ही वर्गणी केली आणि मी त्या दोघींना शेगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईस नेले. तेथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात एका तरुण डॉक्टरबाईंनी तिच्या डाव्या मनगटावर बोटे ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि मग उजव्या मनगटावर ठेवली. डाव्या हाताला नाडी जवळजवळ लागतच नव्हती. उजव्या दंडाचा दाब २१० वर १२० निघाला.

१९०८ साली ताकायासू या जपानी नेत्रवैद्यांनी ज्याची पहिली नोंद केली तो रोग तिला झाला होता. यात मोठ्या रोहिण्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. तरुण बायकांना तो अधिक होतो, आणि आपल्या देशात तरुण वयातल्या मूत्रपिंडजन्य रक्तदाबाचे ते एक प्रमुख कारण आहे. तिच्या डाव्या हाताची रोहिणी अरुंद झाल्यामुळे त्या हातातला दाब खोटा कमी दिसत होता, आणि आत सारे शरीर फुटावयास आले होते. म्हणजे कागदावरचा आकडा खरा होता, निष्कर्ष खोटा होता. फक्त दुसरा हात कोणी पाहिला नव्हता. डॉक्टरांनी नाही, मालकाने नाही, आणि मीही नाही.

तिची मूत्रपिंडाची तपासणी झाली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो. तंत्रज्ञ भला माणूस होता. त्याने मला नंतर दोन्ही दिवसांची चित्रे दाखविली. पहिल्या दिवशी दोन्ही पिंडे उजळलेली, उजवे किंचित लहान. दुसऱ्या दिवशी, गोळीनंतर, डावे आपले काम करून मोकळे झालेले, आणि उजवे तसेच काळवंडून राहिलेले. मी विचारले, "हे असे का?" तो म्हणाला, "या बाजूला रक्त कमी पोचतं." एवढ्या एका वाक्याने माझे वाचन सुरू झाले. पुढे तिच्या उजव्या रोहिणीत फुगा घालून ती रुंद केली. दाब पुष्कळ उतरला. काही वर्षांनी रोहिणी पुन्हा अरुंद झाली, पुन्हा रुंद करावी लागली. या रोगात असे होते. गोळ्या तिला कायमच्या लागल्या. पण ती जगली, तिचे लग्न टिकले, तिची मुलगी शिकली. जिनाच्या कामावर ती परत गेली नाही. हजेरीपुस्तकातला शेरा मात्र आम्ही लेखी खोडून घेतला, आणि तो कागद तिने जपून ठेवला.

खर्चाचे काय, असे तुम्ही विचाराल. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ पासून नागपूर-मुंबईतल्या कामगारांना तिचा लाभ मिळू लागला. पण त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नाव घेऊन घातले. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडच्या कामगाराला विम्याच्या दाराबाहेर ठेवणारी ती ओळ मी पुष्कळदा वाचली आहे. रोग हंगामी नसतो, हे कायद्याला कोणी सांगितले नव्हते.

शास्त्र तेथेच थांबले नाही हेही सांगितले पाहिजे, नाही तर मी जुने नाणे नवे म्हणून खपविल्यासारखे होईल. रोहिणी अरुंद आहे का हे आज बहुधा ध्वनिलहरींच्या डॉपलर तपासणीने किंवा सी. टी. व एम. आर. यंत्रांच्या चित्रांनी पाहतात. कॅप्टोप्रिलची ती तपासणी आता पूर्वीइतकी होत नाही. शिवाय २००९ आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या पाहण्यांनी दाखविले की, उतारवयात चरबीच्या थरांनी रोहिणी अरुंद झाली असेल तर ती जाळी घालून रुंद केल्याने, चांगल्या औषधोपचारापेक्षा बहुतेकांना अधिक फायदा होत नाही. पुन्हा तोच धडा: अरुंद नळ दिसला म्हणजे गुन्हेगार सापडला असे नव्हे. अणूची तपासणी मात्र आजही चालू आहे. मूत्रपिंड दान करणाऱ्या आईचे कोणते पिंड किती काम करते, बसविलेले पिंड रक्त घेते की नाही, मुलाच्या पिंडावर जंतुदोषाचे व्रण किती, एखादे निकामी पिंड काढावे की ठेवावे, हे प्रश्न ती आजही सोडविते. तिची भीती बाळगण्याचेही कारण नाही. तिच्यातून मिळणारे किरण एका वर्षात आपल्याला माती-आकाशातून सहज मिळणाऱ्या किरणांहून सामान्यतः अधिक नसतात.

आणि ही सारी व्यवस्था किती हातांवर उभी आहे ते २००९ साली जगाला कळले. त्या वर्षी मे महिन्यात कॅनडातल्या चॉक रिव्हर येथील जुनी अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टपर्यंत बंदच राहिली. मधेच हॉलंडमधली पेटन येथील भट्टीही दुरुस्तीला काढावी लागली. मॉलिब्डेनमचा जगभर तुटवडा पडला, आणि रुग्णालयांत तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. सहा तासांत निम्मा होणारा माल साठवून ठेवता येत नाही. भट्टीवरचा पाळीचा कामगार, कुपी शिशाच्या डब्यात भरणारा, ती विमानात चढविणारा, रात्री गाडी चालविणारा, सकाळी दूध काढणारा तंत्रज्ञ, यांपैकी एक जण चुकला तर कोठे तरी एक रोगी बाकावरून उठून घरी परत जातो.

मित्रहो, बीबीला असा कॅमेरा द्या अशी मागणी मी करणार नाही. शंभर रक्तदाबाच्या रोग्यांत मूत्रपिंडाच्या रोहिणीचा दोष एक ते पाच जणांनाच असतो. त्यांना शोधून मोठ्या रुग्णालयात पोचविले म्हणजे काम होते. पण शोधणार कसे? त्याला अणू लागत नाही. दंडाचा पट्टा लागतो आणि पाच मिनिटे लागतात. तिशीच्या आत रक्तदाब चढला, तीन-तीन औषधांनी उतरेना, एका हाताची नाडी दुसऱ्याहून क्षीण लागली, तर तेथे शंका घ्यावयास हवी. उपकेंद्रात, जिनात, वीटभट्टीवर, उसाच्या फडावर रक्तदाब मोजला जावा, आणि पहिल्या खेपेस तो दोन्ही हातांवर मोजला जावा, एवढे आपण मागू शकतो. आजच्या सभेत परिचारिका आणि आशाताई बसलेल्या मला दिसतात. त्यांना मी हात जोडून ही विनंती करतो.

सशाच्या अर्कापासून परळच्या कॅमेऱ्यापर्यंतचा शंभर वर्षांचा हा इतिहास मी सांगितला. त्या इतिहासातल्या मोठ्या माणसांनी मूत्रपिंडाची तक्रार खोटी मानली नाही. ती कोठून येते ते पाहिले. माझ्यापुढे एक बाई उभी राहून तक्रार सांगत होती तेव्हा मी कागद पाहिला, हात पाहिला नाही. तेव्हापासून कोणी दुखण्याची तक्रार घेऊन आला, की मी त्याला आधी बसावयास सांगतो आणि त्याची दोन्ही मनगटे हातात घेतो. मला नाडीतले फारसे कळत नाही. पण दोन्ही हात पाहिल्याशिवाय कोणाला कामावर परत पाठवावयाचे नाही, एवढे मी शिकलो आहे.